फोनमधला एक जून

दोन हजार पाचच्या सुमारास वडिलांनी नगरहून मोबाईल आणला. त्यात वाढदिवस घालून ठेवले की त्या दिवशी तो आपणहून वाजायचा. वडिलांनी आमचे सगळ्यांचे घातले, शेवटी स्वतःचा, एक जून. ही तारीख शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. निम्मं गाव एक जूनलाच जन्मलंय, हे फोनच्या कंपनीला काय ठाऊक?

आई हसली. "सासूबाई तर सांगायच्या, तुमी बाजरीच्या सुगीत झाला."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर वडील गेले. एक जूनला फोन वाजला. मी बंद करायला गेलो, तर आई म्हणाली, "वाजू दे. खोटा का व्हईना, त्यांचाच हाय."

वडिलांची खात्रीची तारीख आता आमच्याकडे एकच होती, ते गेले ती. ती फोनमध्ये घालायचा धीर कुणालाच झाला नाही.