मुठीतल्या मातीचा वास

बोगादीच्या मळ्यात भाजी आणायला गेलो आणि स्कूटर थेट मऊ वाफ्यावर उभी केली. कानडी मळेवाले रागावले नाहीत. चाकाखालची माती उकरून गांडुळं शोधत राहिले. शेजारच्या बांधकामाचं सिमेंटचं पाणी वाफ्यांत शिरल्यापासून त्यांचं हेच चाललंय. स्वतःच्या नाकावरही आता भरवसा नाही, म्हणून गिऱ्हाइकांना माती हुंगायला लावतात.

मूठ माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "जिवंत मातीचा वास येतोय ना, सार? हेळी, सांगा. येत असेल तरच रोपं लावतो. मेल्या मातीत लावली तर सगळीच जातील."

स्कूटरमुळे मी आधीच ओशाळलेला. "येतोय की," म्हणालो. त्यांनी लगेच रोपांचा ट्रे उचलला.

घरी बायको म्हणाली, "दूध करपलं तरी तुम्हाला वास येत नाही. आणि त्यांना हो सांगून आलात?"