दादा स्पीतीला येतो

दुपार आहे, पण खिडकीतून येणारा उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा. मी जिच्याकडे उतरलेय त्या पल्जोमच्या स्वयंपाकघरात लोखंडी शेगडी धगधगतेय. तिच्याकडे पाठ करून मी गालिच्यावर आडवी होते. नुसते डोळे मिटायचे, झोपायचं नाही.

बाहेर जीपवाला चाकांना साखळ्या बांधतोय. स्पीतीच्या या गावातून खाली जाणारी ही शेवटची गाडी. मग बर्फ वितळेपर्यंत रस्ता बंद. पुतण्याने सकाळीच फोनवर बजावलंय, "आत्या, गुपचूप गाडीत बस. हे काय वय आहे का तुझं?" मी हो म्हणालेय. आयुष्यभर म्हणत आले तसंच.

साखळ्यांची खळखळ लांब जाते, परत जवळ येते. आता ती मिरजेच्या आमच्या फाटकाची कडी असते.

दादा आत येतो. माझा थोरला भाऊ रंगनाथ. वडिलांमागे मला यानेच वाढवलं. तो जाऊन बरीच वर्षं झाली. लेंगा, सदरा, पायात चपला. केसांत बर्फ.

"मालू, चल. गाडी थांबलीय."

"तू इथं कसा?"

"तू कुठं जायचं, कधी परतायचं, ते मीच बघत आलोय ना?"

खरं आहे. कॉलेजात असताना गिर्यारोहणाच्या शिबिराला माझी निवड झाली होती. मी भरलेली सॅक दादाने उचलून माळ्यावर टाकली आणि शिडी काढून घेतली. मी रडले. मग उठून पोळ्या लाटल्या.

आत्ताही मी उठते, त्याच्यामागून निघते. दार उघडतं ते कृष्णेच्या घाटावर. पायऱ्या आमच्याच, पण खाली नदी गोठलेली आणि पलीकडे डोंगर आभाळात घुसलेले. वरच्या पायरीवर एक याक रवंथ करत बसलाय, आम्ही दोघं त्याला वळसा घालून जातो. दादा जीपकडे वळतो. मी सरळ खाली उतरते, बर्फावर.

"मालू! मागे फीर. फुटेल ते!"

"पल्जोम रोज यावरूनच पाण्याला जाते."

"तिला सवय आहे."

"मलाही होईल. हिवाळा लांबलचक आहे."

"म्हणजे येणार नाहीस?"

"नाही."

हा शब्द त्याच्यासमोर मी कधी उच्चारलेला नाही. डोंगरावर आपटून तो परत येतो. मी पुन्हा म्हणते, आणखी मोठ्याने.

दादाचा हात उगारला जातो, पूर्वी जायचा तसा. मी मान खाली घालत नाही.

"मारायचंय? मग इकडे ये."

तो एक पाऊल बर्फावर टेकवतो आणि झटक्यात मागे घेतो.

"मला भीती वाटायची गं," तो म्हणतो. "तुला काही झालं असतं, तर आईला कुठल्या तोंडाने सांगितलं असतं?"

"ठाऊक आहे मला. तरी तू चूकच केलीस."

तो नदीकडे बघतो. मग खालच्या पायरीवर बसतो.

"पाय पुढे कर. लेस सुटलीय तुझी. अशी गेलीस तर तोंडावर पडशील."

मी पाय पुढे करते. शाळेत जाताना बांधायचा तशीच तो बांधतो, जीभ दातांत धरून. मग दुसऱ्या पायाचीही सोडून पुन्हा बांधतो.

"घट्ट झाली?"

"झाली."

हॉर्न वाजतो. पल्जोम माझा खांदा हलवतेय. "आंटीजी, उठा. गाडी निघतेय. सामान कुठंय?"

मी उठून बसते. बूट माझ्या पायांत आहेत. आडवी होताना मी ते काढून शेगडीपाशी वाळत ठेवले होते. पल्जोम शेगडीपाशी बघते, मग माझ्या पायांकडे. दोन्ही लेसना दुहेरी गाठ, इतकी आवळलेली की पाऊल ठणकतंय.

पुन्हा हॉर्न.

"त्याला म्हणावं, जा," मी म्हणते. "आणि मला एक डबा दे. पाण्याला मीही येते."