सलीमभाईंची केबल चांगली होती

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही—आणि त्याला मी सहसा सगळं सांगते, त्याला ऐकायचं नसलं तरी. तीन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं. आता तुम्हाला सांगते.

मानकोलीच्या एका गोदामात मी संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी एकटीच. पॅकिंगच्या टेबलांवर चाळीस संगणक आहेत, त्यांच्यात डिस्क नाही. बटण दाबलं की ते केबलमधून सर्व्हरला विचारतात आणि तिथून सुरू होतात. सोपं वाटतं ना? फक्त प्रत्येकाच्या पाठीला नेटवर्कचे दोन पोर्ट आहेत आणि केबल असते एकातच, कुणाच्या पहिल्या, कुणाच्या दुसऱ्या. म्हणून सर्व्हरवरच्या फाइलमध्ये एक ओळ लागते—ज्या पोर्टमधून जागा झालास, पुढचंही तिथूनच माग.

ती ओळ मी काढली. फाइल आवरत होते, ओळ फालतू वाटली, टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी निम्मे संगणक अर्धवट सुरू होऊन अडकले. रिकाम्या पोर्टकडे मागत बसले होते, पण ते मला तेव्हा कुठे माहीत? निम्मेच का, हे तरी स्वतःला विचारायला हवं होतं. पण मॅनेजर डोक्याशी उभा, ट्रक दाराशी उभे—आणि मी म्हणाले, केबल खराब असणार.

केबल सलीमभाईंनी टाकलेली. वीस वर्षं कापडाच्या लूमवर काढून या धंद्यात आलेले. केबलच्या जुड्या प्लॅस्टिकच्या पट्टीने नाही, सुताने बांधायचे, विणकराची गाठ मारून.

"ताई, टेस्टर तर बरोबर दाखवतोय," ते म्हणाले.

"टेस्टरला काय कळतंय," मी म्हणाले.

रोजे चालू होते. सहा दिवस ते पाणीसुद्धा न पिता शिडीवर चढून एकेक टोक कापत होते, नवं बसवत होते. तरी संगणक अडकलेलेच, आणि मी म्हणायचे, अजून एखादं टोक खराब असेल, सगळी बदला.

आणि इथे—इथेच मी आजवर थांबत आले. चौथ्या दिवशी मला कळलं. एका अडकलेल्या संगणकाची केबल सहज दुसऱ्या पोर्टमध्ये घातली आणि तो सुरू झाला. त्याच केबलने. त्यांनी अजून हात न लावलेल्या केबलने. काढलेली ओळ तिथेच आठवली. परत घालायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी कधी घातली? सहाव्या दिवशी, ते शेवटचं टोक बसवून खाली उतरल्यावर.

सगळे संगणक सुरू झाले. मॅनेजर म्हणाला, बघा, केबलच होती. सलीमभाई मान खाली घालून म्हणाले, "माझ्याच हाताची चूक हाय, ताई."

मी मान डोलावली.

कशाची भीती होती? नोकरी गेली नसती. मीटिंगला मी एकटी बाई, आणि हिचं चुकत नाही असं सगळे म्हणायचे. एवढंच वाचवलं मी.

त्यानंतर त्यांनी टोकं स्वतः बसवणं सोडलं. दुसऱ्याकडून करून घेत आणि तीनतीनदा तपासत. मागच्या आठवड्यात काल्हेरच्या आमच्या नव्या गोदामाचं काम निघालं, मी त्यांना विचारलं. म्हणाले, "नको ताई. हातावर भरवसा न्हाय आता."

तिथेच सांगितलं. काढलेली ओळ, दोन पोर्ट, चौथा दिवस—सगळं.

"म्हंजे एकपण टोक खराब नव्हतं?"

"एकही नाही."

"आणि चौथ्या दिवशी तुमाला ठाव होतं."

"होतं."

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी मॅनेजरसमोर, सगळ्यांसमोर हेच पुन्हा सांगितलं. मला हलकं वाटलं—खोटं कशाला सांगू? दगड खाली ठेवल्यासारखं. मला तसं वाटावं की नाही, हे मी ठरवत बसलेले नाही. माफ केलं का, असं त्यांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

सोमवारी काल्हेरला गेले, तर सलीमभाई काम घेऊन शिडीवर चढलेले, पक्कड स्वतःच्या हातात. मला त्यांनी पाहिलं. टोक बसवलं, न तपासता सोडलं आणि पुढची केबल ओढली.