आषाढातला पत्ता

नोटिशीचा चौथा परिच्छेद मी तिसऱ्यांदा वाचत होतो. समोर बसवराज बसले होते. त्यांचे लक्ष कागदाकडे नव्हते, माझ्या तोंडाकडे होते.

"साहेब, पोरीला परत पाठवत्यात काय?"

"अजून वाचतो आहे."

"मगाधरनं वाचतायच की."

बसवराज अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचे. शेती आणि तुरीचा व्यापार. त्यांची मुलगी सुवर्णा लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. जावई महेश अमेरिकेचा नागरिक. मी सोलापुरात सात रस्त्याजवळ चाळीस वर्षे वकिली आणि नोटरीचे काम करतो. नोटरी म्हणजे शपथपत्रावर सही करणारा माणूस तोच आहे आणि त्याने मजकूर समजून सही केली आहे, अशी शिक्क्यानिशी ग्वाही देणारा. काम लहान वाटते. लहान नाही.

आधी कायदा सांगतो. लग्नाला दोन वर्षे होण्यापूर्वी जोडीदाराला अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळाला, तर तो अटीवर मिळतो. त्याची मुदत दोन वर्षे. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवराबायकोने मिळून अर्ज करायचा आणि आपले लग्न केवळ परवान्यासाठी केलेले नाही, हे पुराव्याने दाखवायचे. पटले तर अट निघते. पटले नाही तर परवाना जातो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

सुवर्णा आणि महेश यांनी अर्ज वेळेत केला होता. एकत्र बँक खाते, घराचा भाडेकरार, विमा, फोटो असे सगळे जोडले होते. त्याबरोबर सोलापूर जिल्ह्यातील नऊ नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची शपथपत्रे होती. त्यावर ही नोटीस आली होती, आणखी पुरावा मागणारी. उत्तराच्या मुदतीचे अकरा दिवस उरले होते. सुवर्णाने ती आधी तिथल्या वकीलबाईंना दाखवली होती आणि वडिलांना कळवायला उशीर केला होता.

नोटिशीत दोन आक्षेप होते. पहिला असा. अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच सुवर्णाने आपला पत्ता बदलल्याचे स्वतः सरकारला कळवले होते. नवा पत्ता दुसऱ्या गावातला होता. पतीच्या घरी परतल्याची नोंद कुठेही नव्हती. दुसरा आक्षेप नऊ शपथपत्रांवर होता. 'विवाह झाल्यापासून आजतागायत एकही दिवस विभक्त न राहता उभयता एकत्र नांदत आहेत,' हे वाक्य नवांतही अक्षरशः एकच होते. नऊही माणसे भारतात राहणारी. मग त्यांना हे कळले कसे?

प्रश्न रास्त होता. ती नऊ शपथपत्रे माझ्या ऑफिसात तयार झाली होती.

मी इक्बालला हाक मारली. तो माझ्याकडे वीस वर्षे टायपिस्ट आहे.

"हे वाक्य कोणी सांगितले होते?"

"कोई नहीं बोल्या साहब. फॉर्मेट में हैच. वारस दाखल्याला, पेन्शनला, सब को वोइच चलता."

"नवांपैकी कोणी वाचले होते?"

"वो लोगां गाडी करको आये थे. जाने की घाई थी. आप भी कोर्ट को निकले थे."

तो खरे बोलत होता.

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, सुवर्णाला फोन लावला. आवाज स्थिर ठेवण्याचा तिचा प्रयत्न चालला होता.

"काका, मी गेले होते. पण भांडून नाही."

"मग?"

"आषाढ होता."

तिला पुढे सांगावे लागले नाही. अक्कलकोट भागात लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात सासू-सून एका उंबऱ्याच्या आत राहत नाहीत. नवी सून महिनाभर माहेरी जाते. नवराही तिकडे मुक्कामाला जात नाही. अमेरिकेत माहेर नाही आणि सासूबाई मुलाकडेच राहायला असतात. तेव्हा सुवर्णा तासाभराच्या अंतरावरच्या मावसबहिणीकडे गेली. तिकडे परवानाधारकाने घर बदलले तर दहा दिवसांत पत्ता कळवावा लागतो. मुलगी नियमाची पक्की. तिने कळवला.

"आणि परत आल्यावर?"

"घरी परत आल्याचं काय कळवायचं, काका? ते तर माझंच घर."

बसवराज स्पीकरवर ऐकत होते. ते म्हणाले, "बरोबर हाय की. घरी येणं म्हंजे पत्ता बदलणं व्हय?"

बरोबर असेल. पण सरकारच्या दफ्तरात ती अजून मावसबहिणीच्या घरी राहत होती. आणि आम्ही नऊ जणांकडून ती तिथे कधी गेलीच नाही, असे शपथेवर वदवले होते. साधी रीत सांगितली असती तर निभावले असते. आता ती लपवल्यासारखी दिसत होती.

मावसबहिणीचा जबाब वकीलबाई तिथेच घेणार होत्या. पण सुवर्णा कशासाठी गेली, हे सांगू शकणारा खरा साक्षीदार एकच होता. तिला जायला सांगणाऱ्या सासूबाई. त्या भाचीच्या लग्नासाठी भारतात आल्या होत्या आणि जुळे सोलापुरात थोरल्या मुलीकडे उतरल्या होत्या. नाव नीलम्मा.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. बसवराज दाराजवळच्या खुर्चीत बसले. मुलीच्या बापाने विहिणीसमोर बोलायचे नसते.

मी नीलम्मांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हंजे मी सुनेला घराबाहेर काढली, आसं मी अमेरिकेच्या सरकारला लिहून देऊ?"

"काढली नाही. रीत म्हणून पाठवली, एवढेच लिहायचे."

"तितल्या साहेबाला आषाढ ठावं हाय का? तो एवढंच बघंल, सासूनं धाडली. उद्या माझंबी कार्ड काढून घेतल्यावर तुमी येताय का सोडवायला?"

"तुमच्या कार्डाचा याच्याशी संबंध नाही."

"तुमच्या तोंडचं खरं मानू? तुमच्याच कागदानं घोळ झालाय म्हंत्यात."

मी कागद पिशवीत घातले आणि उठलो. बसवराज जिना उतरताना दोनदा थांबले. खाली आल्यावर म्हणाले, "पोरीनं नेमानं वागायला नगं हुतं. न कळवता गेली आसती तर कुनाला कळलंबी नसतं."

"तसे तिला सांगू नका," मी म्हणालो.

नऊ दिवस उरले होते. मी नवांनाही पुन्हा बोलावले. या वेळी गाडी करून नाही, एकेकाला वेगळे. इक्बालला सांगितले की फॉर्मेट बंद ठेव, माणूस बोलेल तेवढेच टाइप कर. एका शेजाऱ्याला मी विचारले, या लग्नाबद्दल तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे?

"मी लग्नात जेवलो."

"आणखी?"

"हुग्गी चांगली झाल्ती."

तेवढे लिहिले. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, हीही लिहिली. दुसरा म्हणाला, जावई मागच्या उन्हाळ्यात आला होता, सासऱ्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. तेही लिहिले. सुवर्णाच्या आत्या म्हणाल्या, "पोरगी दर ऐतवारी व्हिडिओ लावती. मागं जावई भांडी घासताना दिसतो. मला बघून नमस्कार करतो, हाताला फेस तसाच."

दोन माणसांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांना चहा देऊन परत पाठवले. सात शपथपत्रे झाली, कोणतीही दोन सारखी नव्हती. पण सातांतून आषाढाचा उलगडा होत नव्हता. सुवर्णाचा रोज फोन येई. "काका, त्या हो म्हणाल्या का?" मी नाही म्हणे. ती बरं म्हणून फोन ठेवी. चौथ्या दिवशी तिने ते विचारलेही नाही. परत येताना कपडे किती आणू, इतकेच विचारले. मी तिला थांबायला सांगितले. कशाच्या आधारावर सांगितले, ते मलाही माहीत नव्हते.

मुदतीचे चार दिवस उरले असताना नीलम्मा मुलीबरोबर ऑफिसात आल्या. बसवराज आधीच बसलेले होते. ते उठून उभे राहिले.

"महेश भांडी घासतो, आसं तुमी सरकारला लिहून देताय म्हनं?"

आत्यांनी मैंदर्गीत सांगितले असणार. मी ते शपथपत्र त्यांच्यापुढे ठेवले. मुलीने मोठ्याने वाचून दाखवले.

"मी घरात आसताना कदी ताट उचललं न्हाय त्यानं." त्यांनी टेबलावरच्या बाकीच्या शपथपत्रांकडे बोट दाखवले. "आनि ह्या सगळ्यांचं लिवलंय, माझंच न्हाय? लोक काय म्हंतील, सासूनं तोंड लपवलं."

"तुमचे लिहायला मी तयारच आहे. तुमच्या पहिल्या आषाढात तुम्ही काय केले होते, तिथून सांगा."

त्या सांगू लागल्या. त्यांच्या सासूने त्यांना स्वतः एस. टी.त बसवून दिले होते. त्यांनी सुवर्णाला महेशबरोबर गाडीतून पाठवले. तो उंबऱ्याबाहेरूनच परत आला. दर रविवारी त्या शेंगाचटणी आणि भाकरी बांधून देत. महेश डबा घेऊन जाई. ही दोघे दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटत, कारण तिच्या मुक्कामी त्याने जायचे नाही.

"दिवस मोजत हुते की मीबी," त्या म्हणाल्या. "घरात बोलायला कोन न्हाय. पोरगा सकाळी जातो, अंधाराला येतो. कॅलेंडरवर फुल्या मारत हुते."

मी पेन खाली ठेवले. "ते कॅलेंडर कुठे आहे?"

"जुनं कॅलेंडर कोन ठेवतं? फळीवर घातलं आसंल. डब्यांखाली."

संध्याकाळी महेशला फोन केला. त्याने स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे उतरवले. दुसऱ्या फळीवर ते कॅलेंडर निघाले. तेलाचा डाग पडलेले, एका कोपऱ्यात फाटलेले. आषाढाआधीच्या अमावास्येच्या चौकटीत लिहिले होते, 'सुवर्णा अक्काकडे.' अक्का म्हणजे ती मावसबहीण. पुढच्या दिवसांवर फुल्या. चार रविवारी 'डबा'. शेवटी श्रावणाच्या पहिल्या दिवशी, 'सून घरी.' जाण्याची तारीख सरकारकडच्या पत्त्याच्या नोंदीशी जुळत होती.

कोर्टात आम्ही अशा कागदाला फार किंमत देतो. वाद निर्माण होण्यापूर्वी, वादाची कल्पनाही नसताना लिहिलेला कागद. तो कोणाला पटवण्यासाठी लिहिलेला नसतो.

एक काम राहिले होते. पहिली नऊ शपथपत्रे चुकीची का होती, हे सांगावे लागणार होते. साक्षीदार खोटे बोलले, असे मी लिहिणार नव्हतो. वाक्य माझ्या ऑफिसच्या छापील मसुद्यातले होते आणि ते वगळण्याची जबाबदारी माझी होती, असा मजकूर मी सांगितला.

इक्बालचे हात थांबले. "साहब, खुद का अफिडेविट? आपके खिलाफ?"

"टाइप कर."

स्वतःच्या शपथपत्रावर स्वतःचा शिक्का चालत नाही. मी शेजारच्या इमारतीतल्या एका तरुण नोटरीकडे गेलो. त्याने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि नियमाप्रमाणे विचारले, "मजकूर वाचलाय ना, सर? समजलाय?"

हा प्रश्न मीही त्या नऊ जणांना विचारला होता. उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.

"वाचला आहे," मी म्हणालो.

भाषांतरांसह सगळे कागद मुदतीच्या दोन दिवस आधी तिकडच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सोबतच्या पत्रात एकच मुद्दा मांडला. खोटे लग्न केलेली स्त्री आपण पतीपासून वेगळे राहत आहोत, हे सरकारला स्वतःहून कळवत नाही.

नंतर काही महिने काहीही आले नाही. बसवराज दर सोमवारी येत. विचारत काही नसत. बाकावर बसत, पंधरा मिनिटांनी उठत. एका सोमवारी ते आले नाहीत, तेव्हा मीच फोन केला. सुवर्णा आणि महेशला मुलाखतीला बोलावणारे पत्र आले होते. भीतीने त्यांना ते सांगवत नव्हते.

मुलाखतीत अधिकाऱ्याने नवराबायकोला वेगवेगळे बसवले. कॅलेंडरच्या पानांची प्रत त्याच्या टेबलावर होती. त्याने महेशला विचारले, हा डाग कशाचा? महेश म्हणाला, तेलाचा, वर शेंगाचटणीचा डबा असतो. मग सुवर्णाला विचारले. ती म्हणाली, "लोणच्याचा."

महेशने काय उत्तर दिले, ते तिला माहीत नव्हते. दोघे बाहेर आली आणि गाडीत बसून त्यावरून भांडली. सासूबाईंना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, आधी लोणचे होते, नंतर चटणी ठेवली. आता याचा उपयोग नव्हता. त्या रात्री मैंदर्गीत कोणी जेवले नाही, असे बसवराजांनी मला नंतर सांगितले.

तीन आठवड्यांनी निर्णय आला. अट काढली होती. दहा वर्षांचे कार्ड पाठोपाठ आले. अधिकाऱ्याने कारण दिले नाही. कारण देण्याची पद्धत नाही.

बसवराज पेढे घेऊन आले. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसेनात.

"साहेब, लोनच्याचं तेवढं चुकलं हुतं. तरी कसं पास झालं?"

मी सांगितले, "दोघांची उत्तरे प्रत्येक वेळी सारखीच आली असती, तर मला काळजी वाटली असती."

त्यांना ते पटले की नाही, कळले नाही. वकिलांना मात्र मी इतकेच सांगेन. साक्षीदाराने जेवढे पाहिले तेवढेच लिहून घ्यावे. उरलेली जागा भरून काढायची सवय आपली असते. फळ मात्र दुसऱ्याच्या मुलीला भोगावे लागते.