सुकन्याचा पहिला बाण

लातुरात शिकवण्यांचा जो भाग आहे, तिथं सुकन्याबाईंची खानावळ कुणीही दाखवतं. धर्माबादकडच्या, जळकोटच्या, पार इस्लापूरच्या मुली डॉक्टर व्हायचं म्हणून शहरात येतात आणि दोन वर्षं तिच्या हातचं जेवतात. नवी मुलगी पहिल्या दिवशी तिच्या उजव्या हाताकडे बघते. त्या हाताला अंगठा आहे, करंगळी आहे, आणि मधली तीन बोटं नाहीत. डावा खांदाही जरा खाली झुकलेला. मुलगी विचारते, सुकन्या सांगते, "भूकंपातलं हाय." मग ती मुलगी पुन्हा विचारत नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपात ती नऊ वर्षांची होती. गाव किल्लारीच्या बाजूचं, घर दगडमातीचं, वर मातीचं माळवद. थोरला भाऊ नागप्पा तेव्हा नांदेडला होता, खेळाचा मास्तर व्हायचं शिक्षण घेत. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे गाव खाली बसलं. सकाळी रेडिओवर नाव ऐकल्याबरोबर नागप्पा निघाला. मिळेल त्या ट्रकनं, मध्ये काही अंतर चालत, दुपारी तो पोचला. गल्ली राहिलीच नव्हती. दारातली चिंच उभी होती म्हणून आपलं घर कुठलं ते त्याला कळलं. त्यानं हातांनी दगड उपसायला सुरुवात केली. आई सापडली, वडील सापडले, मधला भाऊ सापडला, कुणातच जीव नव्हता. मग खालून बारीक आवाज आला, "अण्णा."

सुकन्याचा डावा खांदा तुळईखाली होता आणि उजवा हात दगडात. दवाखान्यात बोटं काढावी लागली. खांदा जुळला, पण वाकडा जुळला. घरातल्या माणसांना रीतीप्रमाणे मातीत निजवायलाही सवड मिळाली नाही, सगळ्या गावाबरोबर त्यांनाही एकाच चितेवर द्यावं लागलं. नागप्पा रडला नाही. बहिणीला कडेवर घेऊन तो पत्र्याच्या शेडमध्ये राहिला, आणि शिक्षण पुरं झाल्यावर तिला लातूरला घेऊन आला. एका शाळेत त्याला खेळाच्या शिक्षकाची नोकरी लागली. लग्नाचं कुणी काढलं की तो म्हणायचा, "आधी हिचं होऊ द्या." हिचंही झालं नाही, त्याचंही नाही.

नागप्पाला धनुर्विद्येचं वेड होतं. नांदेडला असताना त्याला ती गोडी लागली होती. शाळेच्या मागच्या मैदानावर त्यानं बांबूची धनुष्यं आणली, गवताच्या पेंढ्या आवळून निशाण केलं, आणि पोरांना उभं केलं. हळूहळू त्याची पोरं जिल्ह्याला, मग राज्याला जाऊ लागली. सुकन्या शाळा सुटली की तिथंच असायची. पोरांनी मारलेले बाण पेंढीतून उपटून आणायचे, पुसून रांगेत ठेवायचे, हे तिचं काम.

बारा वर्षांची असताना एकदा ती भावाला म्हणाली, "अण्णा, मला बी मारू दे की."

त्यानं सगळ्यांत लहान धनुष्य तिच्या हातात दिलं. डावा हात ताठ धरताच खांदा थरथरायला लागला. दोरी तीन बोटांनी धरतात. तिनं अंगठा आणि करंगळीत धरून पाहिली. दोरी निसटली आणि बाण तिच्याच पायाशी पडला. दुसऱ्यांदाही तेच झालं. नागप्पानं धनुष्य हळूच काढून घेतलं.

"हे तुझ्यानं व्हायचं न्हाई, सुकन्ये. दोरीला तीन बोटं लागतेत."

"बरं," ती म्हणाली आणि बाण गोळा करायला गेली. त्यानंतर तिनं ते कधी काढलं नाही.

वर्षं गेली. लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. घराघरांवर मजले चढले, प्रत्येक मजल्यावर मुलं राहायला आली. नागप्पाच्या मैदानावरची गर्दी दहावीला येऊन तुटायची. पोरगं चांगलं मारायला लागलं की आईबाप यायचे, "सर, आता बॅच सुरू होऊन राहिली." त्यांत त्याच्या जिवाला सगळ्यांत लागलं ते भार्गवीचं जाणं. तिचे वडील रेणुकादास कॉलेजात शिकवायचे. पोरीचा हात असा होता की बाण सुटायच्या आधीच नागप्पा 'शाबास' म्हणायचा. दहावीनंतर ती निरोप घ्यायला आली तेव्हा ती रडत होती, आणि नागप्पा म्हणाला, "जा बेटा. डॉक्टर हो. ह्या मैदानाचं कसं व्हायचं म्हणून तू थांबू नको." ती गेल्यावर तो पेंढीपाशी कितीतरी वेळ उभा होता. पुढं शाळेनं ते मैदानच विकलं, तिथं शिकवणीची चारमजली इमारत झाली. त्याच सुमारास सुकन्यानं खानावळ सुरू केली होती, घर तिच्यावर चालू लागलं.

मग नागप्पाच्या रक्तातल्या साखरेनं डोळे धरले. आधी बाणाचं टोक दिसेना, मग निशाण, मग माणसाचा चेहरा. पन्नाशी ओलांडली तेव्हा त्याला फक्त उजेड आणि सावली कळत होती. नोकरी सोडून तो खानावळीच्या दारात खुर्ची टाकून बसू लागला.

एका रविवारी भार्गवी आली. आता ती नांदेडला हाडांची डॉक्टर होती. गाडीतून तिनं एक लांबट पेटी काढली.

"सर, मी परत सुरू केलंय," ती म्हणाली. "हे बघा." आणि एकदम थांबली, कारण बघा म्हटलेलं तिलाच लागलं.

"दे इकडं," नागप्पानं हात पुढं केले. "मला बघायला हातच लागतेत."

तिनं धनुष्य त्याच्या हातांवर ठेवलं. त्यानं ते उचललं, खाली केलं, परत उचललं. "अगं, हे अर्धंच दिलंस का?"

"पूर्ण आहे सर. कार्बनचं. बाहेरच्या देशांत शिकारीला नेतात, दिवसभर डोंगरात वागवायचं म्हणून इतकं हलकं करतात. मी निशाणासाठी घेतलं."

नागप्पाची बोटं त्यावरून फिरू लागली. धातूसारखं गार नव्हतं. बांबूसारखी लांब काठीही नव्हती, पाती आखूड आणि चपटी, दोन्ही टोकांना चाकं. "ह्या तर कप्प्या हायेत. आडावरच्यासारख्या." मग त्याचं बोट दोऱ्यांपाशी अडलं. "आन् इतक्या दोऱ्या?"

"बाण एकाच दोरीवर लावायचा. बाकीच्या त्या कप्प्या फिरवतात. आणि सर, बाण न लावता नुसती दोरी सोडायची नाही हं, मोडतं."

त्यानं ओढून पाहिलं. आधी दोरी जड गेली, त्याचा चेहरा आवळला, आणि मग मध्येच काहीतरी वळल्यासारखं झालं आणि भार सुटला. दोरी गालाशी होती, धनुष्य पूर्ण ताणलेलं होतं, आणि हाताला फारसं काही लागतच नव्हतं. नागप्पा तसाच राहिला.

"भार कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"कप्प्यांनी घेतला, सर." भार्गवी हसली. तो दोरी हळूहळू सोडेपर्यंत ती थांबली, मग दारात उभ्या सुकन्याकडे वळली. "ताई, तुम्ही ओढून बघा."

सुकन्यानं उजवा हात पदराखाली घेतला. "मला कसं जमंल? बोटं न्हाईत."

"बोटं लागतच नाहीत." भार्गवीनं पेटीतून चामड्याचा पट्टा काढला. त्याला पुढं लहानसा आकडा होता. "हा मनगटाला बांधायचा. आकडा दोरीला अडकवायचा. ओढायचं मनगटानं. सोडायचं असलं की हा खटका अंगठ्यानं दाबायचा. अंगठा आहे ना तुम्हाला?"

नागप्पाची मान वर झाली.

औसा रस्त्याला एका जुन्या विद्यार्थ्याचं पडीक रान होतं. गाडीतून ते तिथं गेले. भार्गवीनं मातीच्या उंच बांधाला निशाण टेकवलं, धनुष्याचा ताण कमी करून घेतला, सुकन्याच्या मनगटाला पट्टा बांधला. नागप्पा मागं उभा राहिला.

सुकन्यानं डावा हात उचलला. खांदा थरथरला, पण धनुष्य इतकं हलकं होतं की तो हात खाली आला नाही. आकडा अडकला. तिनं ओढलं, दात आवळून ओढलं, आणि भार सुटला तशी ती घाबरून म्हणाली, "अगं बाई!"

"धरून ठेवा. श्वास सोडा. आता दाबा."

आवाज फारसा झाला नाही, दार अलगद लोटल्यासारखा झाला. बाण निशाणाच्या पिवळ्या मध्याला थोडा चुकून लाल भागात रुतला.

सुकन्याला चाळिशी गाठायला थोडंच उरलं होतं. ती लहान मुलीसारखी ओरडली, "लागला! अण्णा, लागला!"

नागप्पा हात पुढं करून चालू लागला. भार्गवीनं त्याला निशाणापाशी नेलं. त्यानं बाण चाचपला, तो कुठं रुतलाय ते वितीनं पाहिलं, आणि बाणावर हात ठेवूनच विचारलं, "भार्गवी, हे धनुष्य नवं निघालं असंल ना? आत्ता?"

"हे मॉडेल आत्ताचं, सर."

"तसं न्हाई. ह्या कप्प्या. हा मनगटाचा पट्टा. हे कवापासनं हाय?"

भार्गवीला प्रश्नाचा रोख कळला नाही. "खूप जुनं आहे सर. माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. इतकं हलकं नव्हतं, पण होतं."

नागप्पा तिथंच ढेकळांत बसला. सुकन्या धावत आली, तिचा चेहरा अजून फुललेला होता. भावाकडे बघताच तो चेहरा विझला.

"मी हिला न्हाई म्हनलं होतं," तो म्हणाला. "बारा वर्षांची होती."

"अण्णा, तवा इथं कुनाला ठावं होतं? उठ."

"मी कुनाला इच्यारलंबी न्हाई, सुकन्ये. एकदा इच्यारायचं होतं." आणि भूकंपात न रडलेला तो माणूस त्या रानात मोठ्यानं रडला.

भार्गवीनं धनुष्य महिनाभर खानावळीत ठेवलं. सुकन्या पहाटेचा स्वयंपाक उरकून रानात जायची. तिचा हात बसत चालला होता. पण घरी येऊन ती पट्टा सोडायला बसली की नागप्पा खुर्चीवरून उठायचा, भिंत धरत मागच्या खोलीत जायचा. जेवण तसंच राहायचं. पूर्वी तो येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना नावानं हाका मारायचा, ते थांबलं. एकदा तिनं त्याला तिथं बसलेलं पाहिलं, आपल्या उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मुठीत आवळून.

महिना संपला आणि भार्गवी आली. "ताई, ठेवून घ्या. मी दुसरं घेईन. अपंगांच्या स्पर्धेला नाव देऊ तुमचं."

सुकन्या पेटीचं झाकण लावत होती. "नको गं. मला जड पडतं."

"हे? जड?"

"हाव. खांदा दुखून राहिला. तू ने."

भार्गवी हाडांची डॉक्टर होती. तिनं सुकन्याच्या खांद्याकडे पाहिलं, मग दारातल्या सरांकडे, आणि पेटी उचलली.

गाडी गेल्यावर नागप्पा म्हणाला, "खोटं बोललीस."

"हाव."

"माझ्यापायी."

ती त्याच्या पायांशी बसली. "तू मला दगडाखालनं काढलंस. मला आता आजून काय पायजे?"

त्या दिवशी मात्र त्यानं तिच्या हातून भाकरी खाल्ली.

पुढच्या पावसाळ्यात नागप्पाची मूत्रपिंडं गेली. नांदेडच्या दवाखान्यात भार्गवी रोज त्याच्यापाशी येऊन बसायची. शुद्धीत होता तोवर त्यानं तिला एकच सांगितलं, "तिला ते धनुष्य परत नेऊन दे. मी नसताना दे." तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भार्गवी पेटी घेऊन आली आणि त्याचे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले.

सुकन्यानं पेटी उघडली. पट्ट्याच्या चामड्यावरून अंगठा फिरवला. आणि झाकण लावलं.

"अण्णा होते तवा त्यांच्या जिवाला लागंल म्हनून सोडलं," ती म्हणाली. "आता मनच घेईना, बाई. लागला म्हनून सांगायचं कुनाला? ने परत."

भार्गवीनं पुन्हा आग्रह केला नाही. दोघी पायरीवर बसून राहिल्या. थोड्या वेळानं शिकवणी सुटली, मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा सुकन्या उठली आणि वाढायला लागली.