किरिबासचे कप्तान

कप्तानांच्या देशाचं नाव कुणी चुकीचं घेतलं, की ते डोळे मिटून घ्यायचे. वेलिंग्टनच्या आमच्या डायलिसिस वॉर्डात एखादी नवी नर्स विचारायची, "तुम्ही किरिबाटीचे ना?" आणि झोप लागल्यासारखे कप्तान गप्प. पहिल्या दिवशी मीही तसंच चुकीचं म्हटलं होतं. सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं, तरी त्यांचे डोळे मिटलेलेच. शेवटी शेजारच्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या, "अगं, किरिबास म्हण." मी म्हटलं, आणि डोळे उघडले.

"मौरी, सिस्टर!" त्यांनी आपल्या भाषेत नमस्कार केला.

"लिहायचं टी आणि म्हणायचं स, असं का हो?"

"मिशनरींनी आम्हाला अक्षरं दिली. एस द्यायला विसरले. मग टी आणि आय शेजारी शेजारी बसवून आम्ही काम भागवलं."

खरं तर ते कप्तान नव्हतेच. उभा जन्म त्यांनी परदेशी मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून काढला होता. पण खुर्चीत असे ताठ बसायचे, की वॉर्डात सगळे त्यांना कप्तानच म्हणत. भर थंडीत, बाहेर दक्षिणेचा वारा माणसाला ढकलत असतानाही, त्यांच्या पायात मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. बूट घाला म्हटलं, की म्हणायचे, "पायाला बाहेरचं कळायला हवं."

मी पुण्याची आहे असं सांगितल्यावर ते एकदम खुलले. "बॉम्बे! पाहिलंय मी बॉम्बे. बंदराबाहेर बोट उभी असायची आमची."

"मुंबई," मी सहज म्हणून गेले.

त्यांचा चेहराच उतरला. "सॉरी, सिस्टर. मुंबई. मुंबई." पुन्हा कधी त्यांच्या तोंडून बॉम्बे आलं नाही. उलट नव्या पेशंटसमोर कुणी बॉम्बे म्हटलं, तर तेच दुरुस्त करायचे.

देशाची नावं हा त्यांचा आवडता विषय. चार तास मशीनला बांधलेल्या माणसाला बोलायला काहीतरी हवंच. पासपोर्टवरचं नाव 'रिपब्लिक ऑफ किरिबाटी'. "ते लग्नात घालायच्या बुटांसारखं. रोज कोण घालतं?" रोजचं नाव किरिबास. त्यांच्या लहानपणी मात्र ती पॅसिफिकमधली गिल्बर्ट बेटं होती, कुणा इंग्रज दर्यावर्दीच्या नावाची, आणि एलिस बेटांशी एकत्र बांधलेली. "एलिस वेगळी झाली आणि तिनं तुवालू हे आपलं नाव घेतलं. आम्ही गिल्बर्टच ठेवलं, फक्त आमच्या जिभेनं धुऊन घेतलं. गिल्बर्ट्सचं झालं किरिबास."

"मग तुमचं स्वतःचं, जुनं नाव?"

"तुंगारू." हा शब्द ते हळू म्हणायचे. "पण नव्या देशात लांबलांबची बेटंही आली. ती काही तुंगारूतली नव्हती. त्यांना परकं कसं वाटू द्यायचं?"

एकदा चहाच्या सुट्टीत मी खिडकीशी उभी राहून पुण्याला वडिलांशी फोनवर बोलत होते. "आबा, जेवलात का? आबा, गोळी घेतली का?" परत आले तर कप्तान वाटच बघत होते.

"आबा म्हणजे कोण?"

"माझे वडील."

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाले, "आमच्याकडे अबा म्हणजे जमीन. आणि त्या जमिनीवरची माणसंही. दोन्हीला एकच शब्द. घरात आम्ही किरिबास म्हणत नाही, तुंगारूही म्हणत नाही. अबारा म्हणतो. आमची भूमी." त्या दिवसापासून ते दर खेपेला आबांची चौकशी करू लागले.

मग एक दिवस ते आले तेच फोन हातात घेऊन. तारावा या चिंचोळ्या बेटावरून भाच्याने फोनवर त्यांना दफनभूमी दाखवली होती. ती अगदी किनाऱ्याला. भरतीचं पाणी आत आलं होतं, कडेचे क्रॉस वाहून गेले होते. पुढची रांग त्यांच्या बायकोची.

"मला जायला हवं," ते म्हणाले. "तिला तिथून काढायला हवं."

"भाचे काढतील की."

"तिला पुरलं तेव्हा मी बोटीवर होतो, सिस्टर. आताही लांबच राहू?"

ते ज्या वस्तीवर जाणार होते तिथे डायलिसिस नव्हतं. जाणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं. मुलगी मेरी शेजारी बसली होती. ती एका वृद्धाश्रमात काम करायची, दिवसभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना जपायची. ती एकदम उसळली.

"आई मेलीय, पपा! मी जिवंत आहे. माझ्यासाठी राहा ना."

कप्तानांनी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला. नंतर पॅसेजमध्ये ती मला म्हणाली, "तुम्ही समजवा. तुमचं ऐकतात." मी समजावलं. मशीन, रक्त, पाणी, श्वास, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचे आबा आजारी पडले, तर तुम्ही जाल ना?"

"जाईन."

"मग जमीन आजारी पडली तर?"

पुढचे काही आठवडे मेरी बापाशी धड बोलत नव्हती. मग एका सकाळी तीच म्हणाली, "मी घेऊन जाते त्यांना." निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना शेवटची सुई टोचली. मी घाई केली असावी, कारण ते म्हणाले, "सावकाश, सिस्टर. बोट सुटत नाहीये."

विमानतळावर मीच सोडलं. काउंटरवरच्या पोरीने गोड हसून विचारलं, "किरिबाटीला चाललात?" मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. "हो," म्हणाले, "घरी." आत जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता, मेरीच्या खांद्याचा आधार घेत, पाय ओढत गेले.

महिन्याभराने मेरी परत आली, एकटी. जॉन्सनव्हिलला माझ्या घरी आली तेव्हा मी वरण-भात टाकला होता. तिनं पोटभर खाल्लं, मग सांगितलं. भाच्यांनी खणलं. कप्तान चटईवर बसून होते, धाप लागलेली, पण एकेक हाड त्यांनी स्वतः हातात घेऊन पुसलं, नव्या कापडात ठेवलं. किनाऱ्यापासून आत, नव्या जागी फादरनी प्रार्थना म्हटली. त्यानंतर थोडेच दिवस. बायकोच्याच शेजारी त्यांना ठेवलं.

"आता तरी समुद्रापासून लांब आहेत ना दोघं?" मी विचारलं.

मेरीने माझ्याकडे पाहिलं. एखाद्या लहान मुलाला काही सांगावं की नाही, असा विचार करणाऱ्या माणसासारखं.

"सिस्टर," ती म्हणाली, "आमच्याकडे लांब नाहीच. एका किनाऱ्यापासून लांब गेलं, की दुसरा किनारा येतो."