बर्फाच्या कडेखाली जेवण

गेल्या एप्रिलमधल्या एका शनिवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, स्कॉटलंडमधल्या एका कड्याखाली जेवायला बसलेल्या आम्हा आठ जणांवर बर्फाची कड कोसळली. सात जण चालत खाली आले.

आम्ही इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलचे, सगळे आयटीतले. आमच्या म्होरक्याने सह्याद्रीतले किती किल्ले केले, हे तो पेट्रोल स्टेशनवरही सांगत असे. बर्फातला हा त्याचा दुसरा डोंगर. पहिल्यावर तो केबल कारने गेला होता.

हिमस्खलनाचा अंदाज त्याच्या बायकोने आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकला होता. स्वच्छ ऊन, दुपारपर्यंत बर्फ भिजून सुटू लागेल, कड्यावरून पुढे आलेल्या बर्फाखाली थांबू नका. त्यावर पाच अंगठे आले. वाचला किती जणांनी, ते मी नंतर विचारले. एकाने. तो मी नव्हे.

सातला निघायचे होते, निघालो पावणेदहाला. आधी सगळ्यांचे पोहे, मग सगळ्यांचा चहा, मग पुण्याहून मागवलेला बॅनर धरून फोटो. हा आमच्या ग्रुपचा नियम. सह्याद्रीत तो खपतो; तिथे उशिराची शिक्षा म्हणजे फार तर उन्हाचा चटका.

साडेबारापासून पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागले. वरून बर्फाचे गोळे घरंगळत येत होते.

"अरे, बर्फ सुटतोय. परत फिरूया," त्याची बायको म्हणाली.

"हिला लोणावळ्यातही स्वेटर लागतो," त्याने आम्हाला सांगितले. सगळे हसले. मीही.

कड्याखाली वारा लागत नव्हता. तिथेच त्याने बॅनर अंथरला.

"इथे नको. खाली जाऊन जेवू ना."

"तुला जायचंय तर जा. सॅक तेवढी ठेव, धपाटे तिच्यात आहेत."

ती गेली नाही. डबे एकत्र उघडायचे, हाही नियम होता. कड्याच्या बाजूला उभी राहून ती वाढत होती. कोणीतरी तिच्याकडे लोणचे मागितले.

दार आपटल्यासारखा आवाज झाला. आम्ही बाकीचे ढकलले गेलो, ती गाडली गेली. फावडे एकाकडेही नव्हते. डब्यांच्या झाकणांनी आम्ही उकरत राहिलो. आधी तिचा हातमोजा दिसला, मग चेहरा मोकळा केला. ती श्वास घेत होती.

फोन मी केला. बचाव पथक वर पोचल्यावर त्यातल्या बाईने म्होरक्याला विचारले, सकाळी किती वाजता निघालात?

"लवकर," तो म्हणाला.

"पावणेदहा," स्ट्रेचरवरून ती म्हणाली.

तिच्या कमरेचे हाड मोडले होते. हेलिकॉप्टरमध्ये सोबत एकाला येता येईल, असे त्यांनी सांगितले. तिने नको म्हटले. तीन वाजून वीस मिनिटांनी हेलिकॉप्टर गेले.